डोंगरीची गोष्ट नेमकी कोणाची? मुंबईचा अंडरवर्ल्ड पडद्यावर येतो तेव्हा काय राहतं, काय गळतं

मुंबईबाहेरच्या एखाद्या लग्नात "आम्ही डोंगरीचे" असं सांगून बघा. समोरचा पाहुणा आधी हसतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "मग त्या भाईला कधी बघितलंय का?" आमच्यापैकी ज्यांचं लहानपण चार नळ, निशाणपाडा या भागात गेलं त्यांनी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता रागही येत नाही. आम्ही काय बघितलं? पहाटेची पाण्याची रांग, जिन्यावरचा एक सामाईक दिवा, रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळची मालपुव्याची कढई, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी गल्लीत वाटले गेलेले पेढे.

पाहुण्यांचं एक वेळ सोडून देऊ. आता हाच प्रश्न आपल्याच घरातला चौदा वर्षांचा मुलगा विचारतो. मोबाइलवर एखादी वेबसीरिज बघतो, त्यातला संवाद रीलला लावतो आणि दादाला म्हणतो, "दादा, तुमच्या वेळी खरंच असं होतं?" त्याला "बंद कर ते" म्हणणं सोपं आहे, पण तो बंद करत नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून आम्ही ठरवलं की या गोष्टीबद्दल नीट, शांतपणे लिहू. मुंबईच्या संघटित गुन्हेगारीचा इतिहास काय होता, तो सिनेमावाल्यांना एवढा का आवडतो, आणि इतिहासाचं नाटक होताना नेमकं काय गाळलं जातं.

गुन्हा आधी, की कायदा आधी?

पडद्यावर गोष्ट बहुतेक वेळा एका गरीब पोरापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती सरकारी गॅझेटपासून सुरू झाली असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. 1949 साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला. पिणारे कमी झाले नाहीत, विकणारे मात्र बदलले. हातभट्ट्या लागल्या, आंटीचे अड्डे निघाले. वरदराजन मुदलियार हा तमिळनाडूतून आलेला, व्हीटी स्टेशनवर हमाली केलेला माणूस याच दारूच्या धंद्यात मोठा झाला. माटुंग्यात त्याच्या गणपतीच्या मंडपाला गर्दी लोटायची.

सोन्याचंही तसंच. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर कडक बंधनं होती. 1968 साली सुवर्ण नियंत्रण कायदा आला. पण आपल्याकडे मुलीचं लग्न सोन्याशिवाय होत नाही, मग ती मुलगी कुठल्याही धर्माची असो. मागणी घराघरात आणि पुरवठ्यावर बंदी, म्हणजे मधल्या माणसाची चांदी. हाजी मस्तान हा त्या मधल्या माणसांपैकी सर्वांत गाजलेला. रामनाथपुरम जिल्ह्यातला हा तमिळ माणूस गोदीत हमाल म्हणून लागला आणि दमणच्या सुकुर नारायण बखियाबरोबर तस्करीत भागीदार झाला. आणीबाणीत तुरुंगात गेला, बाहेर आल्यावर राजकारणात उतरायचा प्रयत्न केला, दलित-मुस्लिम एकीच्या नावानं पक्षही काढला. 1994 साली वारला. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला आणि 1992 पासून परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून सोनं आणता येऊ लागलं. सोन्याच्या तस्करीतला जुना नफा तिथेच आटला. तोवर टोळ्या खंडणी, जमीन आणि सुपारीकडे वळल्या होत्या.

तिसरी गोष्ट घरांची. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरू निघेना, मालकाला परवडेना. मग खोली खाली करून द्यायला कोणीतरी लागायचं. करीम लालाच्या पठाणांचा दरारा व्याजबट्ट्याइतकाच या "खोली खाली" कामातून वाढला.

यातलं किती पडद्यावर येतं? फारच थोडं. कायद्याला चेहरा नसतो, त्याला गाणं देता येत नाही. पण मुलांना हे आधी सांगितलं पाहिजे असं आम्हाला वाटतं. कारण मग त्यांना कळतं की मस्तान निपजला तो मोहल्ल्याच्या पाण्यातून नाही, त्या काळच्या बाजारातून.

गिरणगावचं पान

18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. लालबाग, परळ, भायखळा भागातल्या चाळींत एक अख्खी पिढी रिकामी बसली. रमा नाईक, बाबू रेशीम आणि अरुण गवळी यांची टोळी याच पट्ट्यातली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. 1994 मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात खून झाला. गुंडगिरी आणि जमिनीचं नातं त्या दिवशी सगळ्या शहरानं बघितलं.

आपल्या लोकांचाही या गिरण्यांशी संबंध होता हे विसरलं जातं. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर गिरण्यांत राबायचे. म्हणजे डोंगरी आणि लालबाग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच बंद पडत चाललेल्या शहराच्या त्या दोन गल्ल्या आहेत. महेश मांजरेकरांनी 2010 मध्ये "लालबाग परळ" काढला, त्यात संपानंतरचं घर दिसतं: बाप गप्प, आई थकलेली, पोरगा हातातून निसटत चाललेला. तो बघताना आम्हाला मदनपुराच आठवत होता.

पडद्यानं काय उचललं

आता सिनेमाकडे येऊ. 1973 च्या "जंजीर"मधला प्राणचा शेरखान करीम लालावरून घेतला असं अजूनही बोललं जातं. 1975 च्या "दीवार"मध्ये सलीम-जावेद यांनी मस्तानच्या आयुष्यातला गोदीचा भाग उचलला. गंमत बघा, नायकाचं नाव झालं विजय, आणि त्याच्या खिशात बिल्ला राहिला 786 चा. तो बिल्ला जपायला सांगणारे रहीम चाचा मात्र मुसलमान. त्या काळी नायकाला मुस्लिम नाव देणं व्यापाराला जड गेलं असतं, हा आमचा अंदाज. पण त्यामुळे एक बरंही झालं. विजयची चीड ही गोदीतल्या हमालाची चीड राहिली, तिच्यावर धर्माचा शिक्का बसला नाही.

1987 मध्ये मणिरत्नम यांचा "नायकन" आला, वरदराजनच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला. त्याचीच हिंदी आवृत्ती "दयावान" पुढच्या वर्षी. "परिंदा" 1989 चा. 1998 मध्ये रामगोपाल वर्मांचा "सत्या" आला आणि सगळं बदललं. भिकू म्हात्रे हा मराठी डॉन घरी बायकोशी भांडतो, मित्रांत हसतो, आणि मरतो. गुंड आपल्या शेजारच्या खोलीतलाच माणूस आहे हे त्या सिनेमानं दाखवलं. पुढच्याच वर्षी "वास्तव", 2002 मध्ये "कंपनी", आणि मग रांगच लागली. "शूटआउट अ‍ॅट लोखंडवाला" 1991 च्या चकमकीवर, "शूटआउट अ‍ॅट वडाला" 1982 च्या मन्या सुर्वे प्रकरणावर. मराठीत "दगडी चाळ".

या सगळ्यात पत्रकार एस. हुसैन झैदी यांचं नाव वगळून चालणार नाही. "ब्लॅक फ्रायडे", "माफिया क्वीन्स ऑफ मुंबई", "डोंगरी टू दुबई" ही त्यांची पुस्तकं. त्यांतून अनुराग कश्यपचा "ब्लॅक फ्रायडे" निघाला, "गंगूबाई काठियावाडी" निघाला, 2023 ची "बंबई मेरी जान" ही सीरिज निघाली. एका बातमीदाराच्या वह्यांवर एवढा मोठा धंदा उभा राहिला. याचं एक कायदेशीर कारणही आहे. 1994 साली सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याच्या आत्मकथेवरून झालेल्या खटल्यात सांगितलं, की जे न्यायालयाच्या वा अन्य सार्वजनिक नोंदीत आहे ते छापायला त्या माणसाची परवानगी लागत नाही. त्यापलीकडे जाऊन खासगी आयुष्य रंगवलं तर मात्र अडचण. म्हणून निर्माते पुस्तकाचे हक्क घेतात, नावं बदलतात, सुरुवातीला "सर्व पात्रे काल्पनिक" अशी पाटी लावतात. मस्तानचा होतो सुलतान मिर्झा, करीम लालाचा रहीम लाला, दाऊदचा दारा कादरी. पाटी वाचून आपण हसतो, कारण कोण कोण आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं.

माणसाला नाव बदलून वाचवता येतं. मोहल्ल्याला नाही. डोंगरी ही डोंगरीच राहते, कामाठीपुरा कामाठीपुराच. "गंगूबाई"च्या वेळी कामाठीपुऱ्यातले रहिवासी म्हणत होते की आमच्या वस्तीची बदनामी होते, आमच्या मुलींना स्थळं येताना हे आड येईल. प्रकरण न्यायालयात गेलं, सिनेमा थांबला नाही, आणि कायद्यानं बघितलं तर तो थांबायलाही नको होता असं आम्हाला वाटतं. सिनेमावर बंदी मागण्याची सवय आपल्याला नंतर महागात पडते. पण त्या रहिवाशांचं दुखणं खोटं नव्हतं. ज्यांनी अंधेरीत किंवा नवी मुंबईत भाड्यानं घर शोधलंय, दलालानं आधी नाव आणि मग "सध्या कुठे राहता" विचारलंय, त्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

कोकणातला हवालदार

आता जे आम्हाला सर्वांत जास्त खटकतं ते.

दाऊदचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होते. कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, म्हणजे कोकणी मुसलमान. आपल्या वाचकांपैकी किती घरं चिपळूण, खेड, दापोली, म्हसळ्याची आहेत हे वेगळं सांगायला नको. या घरांत कोकणी बोली चालते, शाळा मराठी किंवा उर्दू, जेवणात तांदळाची भाकरी आणि मासळी. आजोबा बोटीवर खलाशी, बाप गोदीत किंवा पोलिसांत, मग मुलगा आखातात: असा दोन-तीन पिढ्यांचा प्रवास. पण पडद्यावरचा मुस्लिम डॉन बघा. डोळ्यांत सुरमा, खांद्यावर रुमाल, तोंडात लखनवी उर्दू किंवा टपोरी हिंदी. मराठी बोलणारा मुसलमान जणू मुंबईत नव्हताच. मराठी बोलायची तर भिकू म्हात्रेनं किंवा इन्स्पेक्टर साहेबांनी. आपली भाषा आपल्या तोंडून काढून घेतली गेली आणि आपण त्याची साधी तक्रारही केली नाही.

"बंबई मेरी जान"मध्ये के के मेनन हा त्या बापाच्या जागी आहे: प्रामाणिक पोलिस, ज्याचं घर त्याच्या डोळ्यांदेखत हातातून जातं. (हाच नट "ब्लॅक फ्रायडे"त पोलिस अधिकारी राकेश मारिया झाला होता.) सीरिजमधलं आम्हाला आवडलेलं तेवढंच. बाकी तेच बंदुका, तीच गाणी. पण त्या बापाकडे थांबून बघावंसं वाटतं. तुटपुंजा पगार, घरात खाणारी तोंडं भरपूर, मोहल्ल्यात तस्करांच्या गाड्या उभ्या, आणि हा माणूस गणवेश घालून रोज कामावर जातो. मोठा मुलगा साबीर 1981 साली टोळीयुद्धात मारला गेला. दुसरा दुबईला पळाला, मग कराचीला.

त्याच सुमारास, 1980 ते 1982, रायगडच्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. एकच समाज, तीच वर्षं. एकाच्या आयुष्यावर डझनभर सिनेमे निघाले. दुसऱ्यावर एकही आम्हाला आठवत नाही. अंतुल्यांच्या कारकिर्दीत नाट्य कमी होतं असंही नाही, त्यांना राजीनामा कसा द्यावा लागला ते जुन्या लोकांना विचारा.

1993 आणि त्याआधीचा महिना

12 मार्च 1993 ला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. 257 माणसं गेली. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, रस्त्यानं चाललेली कोणतीही माणसं होती. त्या गुन्ह्याला कसलंही समर्थन नाही आणि आपल्या समाजानं ते कधी करूही नये. टाडा न्यायालयात 123 जणांवर निकाल लागला, त्यातले 100 दोषी ठरले.

त्याआधी डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार 900 माणसं मेली: 575 मुसलमान, 275 हिंदू, उरलेल्यांतल्या बहुतेकांची ओळख पटली नाही. बहुतेक गँगस्टर सिनेमे हे दोन-तीन महिने एका गाण्यात उरकतात किंवा सरळ उडी मारतात. "ब्लॅक फ्रायडे" ती उडी मारत नाही. 2004 मध्ये तयार झालेला हा सिनेमा खटला चालू असल्यामुळे अडकला आणि फेब्रुवारी 2007 मध्ये प्रदर्शित झाला. त्यात स्फोट करणारे नायक नाहीत, ते भेदरलेले, गावोगाव पळणारे, पैसे संपलेले तरुण आहेत. पोलिसांनी उचललेली त्यांची घरची माणसंही दिसतात. हा सिनेमा मुलांबरोबर बघायचा की नाही हे प्रत्येक घरानं ठरवावं, त्यात हिंसा आहे. पण बघून कोणालाही भाई व्हावंसं वाटणार नाही.

टोळीयुद्धाच्या त्याच काळात एन्काउंटर आले आणि सिनेमाला नवा नायक मिळाला: गोळी घालणारा साहेब. "अब तक छप्पन"सारखे सिनेमे निघाले. थिएटरमध्ये टाळ्या पडायच्या, आम्हीही वाजवल्यात, खोटं का बोला. नंतर 2006 च्या वर्सोव्यातल्या एका चकमकीला मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये बनावट ठरवून माजी पोलिसांना जन्मठेप दिली. टाळ्यांचा तो आवाज तेव्हा आठवला.

लंगड्या सलीमची गल्ली

कोणी विचारलं, "मग चांगलं कोणतं बघायचं?" तर आमचं उत्तर 1989 चा सिनेमा आहे: सईद मिर्झांचा "सलीम लंगडे पे मत रो". पवन मल्होत्रा त्यात सलीम झालाय, लंगडत चालणारा, छोट्या चोऱ्या-हप्त्यांवर जगणारा दोन टाकीचा पोरगा. (गंमत अशी की "ब्लॅक फ्रायडे"त टायगर मेमनही त्यानंच केला.) सलीमचा बाप गिरणीतून बेकार झालेला. सलीम स्वतःला मोठा समजतो, पण त्याचं राज्य दोन गल्ल्यांपुरतं. घरात बहिणीसाठी अस्लमचं स्थळ येतं. अस्लम शिकलेला, उर्दू वर्तमानपत्रात मुद्रितशोधक, पगार थोडका. सलीमला आधी त्याची कीव वाटते: एवढं शिकून मिळालं काय? मग हळूहळू त्याचं बोलणं सलीमच्या डोक्यात शिरतं. सलीम बदलायचं ठरवतो. पण धंदा असा सोडत नाही.

इथे परदेशी मॉडेल नाही, हेलिकॉप्टर नाही. इराण्याचं हॉटेल आहे, अरुंद जिना आहे, शिक्षण की हप्ता हा घरातला वाद आहे. तो वाद आपल्या घरांत खरंच झालाय. आम्ही हा सिनेमा परत बघितला तेव्हा घरातली मोठी माणसं मध्येच थांबवून आपली जुनी खोली दाखवत होती, "हा जिना असाच होता बघ." मुलं आधी कंटाळली. मग लहान्यानं विचारलं, "अस्लमचं पुढे काय झालं असेल?" भाईचं काय झालं असं त्यानं विचारलं नाही.

वाचायचं असेल तर मंटोची "ममद भाई" ही कथा मिळवा, मराठी-हिंदी अनुवाद सापडतात. फारस रोड, अरब गल्ली, आणि त्या भागाचा दादा ममद भाई. आजारी लेखकाची तो स्वतः येऊन काळजी घेतो. पुढे एका खुनाच्या खटल्यात लोक त्याला सांगतात, तुझ्या मिशा बघून मॅजिस्ट्रेट घाबरेल, काढून टाक. तो मिशा काढतो, शिक्षा होते तडीपारीची, आणि त्याला दुःख होतं ते मिशांचं. दादाचा दादापणा किती खरा आणि किती मिशांचा, हे मंटोनं सिनेमावाल्यांच्या पुष्कळ आधी लिहून ठेवलंय.

आणि वकील शाहिद आझमींवर हंसल मेहतांनी केलेला "शाहिद" आहेच. 2010 मध्ये कुर्ल्यातल्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या. तोही मुंबईच्या गुन्हेगारीचाच इतिहास आहे, फक्त बंदुकीच्या दुसऱ्या टोकाकडून बघितलेला.

नागपाड्यातून निघालेल्या बास्केटबॉलपटूंवर अजून कोणी सीरिज काढलेली आमच्या बघण्यात नाही. देशभर खेळलेले किती खेळाडू त्या मैदानानं दिले, ते तिथल्या कोणत्याही चहावाल्याला विचारा. त्याला नावं पाठ असतात.

शेवटी एक हिशेब. जानेवारी 2024 मध्ये सरकारनं खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या कासकर कुटुंबाच्या चार जमिनींचा लिलाव केला. त्यातल्या एका तुकड्याची, जेमतेम 171 चौरस मीटरची, सरकारी किंमत होती 15,440 रुपये. बोली गेली 2 कोटी 1 लाखावर. कोकणात जमीन घेतलेल्यांना विचारा, तेवढ्या जागेत धड चार कलमंही नीट लागत नाहीत.